मदत हवी: बाबांच्या मोबाईलमध्ये हेरगिरीचं ॲप आहे, कसं काढायचं? (तातडीचं)

केळीबाग_रावेर
बाबांच्या मोबाईलमध्ये कोणीतरी काहीतरी टाकलंय, नक्की. एक ॲप निघतच नाही, अनइन्स्टॉलचं बटण फिकं आहे. मोबाईल तापतो, नेट दुपारपर्यंत संपतं. शिवाय घरात ठरलेला केळीचा भाव व्यापाऱ्याला आधीच माहीत असतो. पायऱ्या सांगा. 'दुकानात दाखवा' नको, दुकानातच टाकलं असेल. लवकर.

तापीकाठ
मोबाईल कोणता, अँड्रॉइड कितवं, ॲपचं नाव काय? तुन्हा मोबाईल कोणता शे ते तरी सांग भो, मग पायऱ्या.

बिनधास्त_भुसावळ
एवढं कशाला? फोटो दुसरीकडे काढून ठेवा आणि फॅक्टरी रीसेट मारा, म्हणजे मोबाईलमधलं सगळं पुसा. दहा मिनिटांचं काम.

चाळीसगाव_लोकल
*#२१# डायल करा. फोन टॅप होत असेल तर लगेच दिसतं.

मिस्त्री_अमळनेर
@चाळीसगाव_लोकल, त्या कोडने फक्त कॉल दुसऱ्या नंबरवर वळवलेत का ते कळतं. हेरगिरीच्या ॲपशी त्याचा संबंध नाही. *#६२# ला अनोळखी नंबर दिसला म्हणूनही लोक घाबरतात, तो बहुतेक वेळा कंपनीच्याच मिस्ड कॉल अलर्टचा असतो. यूएसएसडीवरून, म्हणजे अशा *# कोडवरून, फॉरवर्डिंग १५ एप्रिल २०२४ पासून थांबवायला दूरसंचार विभागाने सांगितलं होतं, त्यामुळे कोडला उत्तर आलं नाही तर डायलरच्या सेटिंगमध्ये 'कॉल फॉरवर्डिंग' उघडून बघा.

@बिनधास्त_भुसावळ, रीसेट शेवटी. आधी केलं तर तीन गोष्टी होतात. काय होतं, कुठून आलं याचा पुरावा जातो. गूगल पासवर्ड दुसऱ्याकडे असेल तर तो तसाच राहतो. आणि लोक बॅकअपमधून सगळं परत ओढतात, त्यात ते ॲप बसवणारी फाइलही येते.

सावखेडा_सावली
तापण्यावर जाऊ नका. मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंश, मोबाईल खिशात नुसता ठेवला तरी तापतो. आयफोनवाले तर ३५ अंशांच्या वर वापरू नका म्हणतात, म्हणजे जळगावात दिवाळीनंतरच वापरायचा.

केळीबाग_रावेर
रेडमी, अँड्रॉइड १३. ॲपचं नाव 'सिस्टम अपडेट', चिन्ह नाही. उन्हाचं राहू द्या, ॲपचं सांगा.

मिस्त्री_अमळनेर
आता बोलता येईल. अँड्रॉइडचं खरं अपडेट अनइन्स्टॉलच्या यादीत 'सिस्टम अपडेट' नावाचं वेगळं ॲप म्हणून येत नाही, तेव्हा संशय रास्त आहे. पण ॲपच्या नावावरून किंवा बॅटरीवरून निकाल लावू नका. परवानग्या बघा. सेटिंगच्या शोधपट्टीत एकेक शब्द टाका, कारण रेडमीत मेनूच्या जागा दर अपडेटला बदलतात:

- डिव्हाइस ॲडमिन ॲप्स, म्हणजे मोबाईलवर खास हक्क दिलेली ॲप. बटण फिकं असण्याचं कारण बहुधा इथेच सापडेल.
- ॲक्सेसिबिलिटी, त्यात डाउनलोडेड ॲप्स. हे चालू असलं की ॲप स्क्रीन वाचतं आणि स्वतः बटणंही दाबतं.
- नोटिफिकेशन ॲक्सेस. मेसेज न उघडता ओटीपी वाचायचा रस्ता.
- एसएमएस परवानगी, आणि डिफॉल्ट एसएमएस ॲप कोणतं आहे ते.
- इन्स्टॉल अननोन ॲप्स. इथे व्हॉट्सॲपपुढे 'चालू' असेल तर ॲप बहुधा तिथूनच आलं समजा.

जे दिसेल ते इथे लिहा. काहीही बंद करू नका अजून. प्रत्येक पानाचा फोटो दुसऱ्या मोबाईलने काढा.

पाचोरा_पॅसेंजर
पेगासस असेल, ते सरकारांना विकतात ते हेरगिरीचं सॉफ्टवेअर. ते साध्या तपासणीत दिसतच नाही.

तापीकाठ
पेगाससला रावेरच्या केळीत काय रस? त्याला यादीत नावही लागत नाही आणि अनइन्स्टॉलचं बटणही. हे साधं एपीके आहे, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून फाइल उघडून बसवलेलं ॲप.

केळीबाग_रावेर
ॲडमिनमध्ये दोन चालू आहेत. एक 'सिस्टम अपडेट', दुसऱ्याला कुलपाचं चिन्ह आहे आणि ते बंदच होत नाही. ॲक्सेसिबिलिटीत फक्त सिस्टम अपडेट. व्हॉट्सॲपपुढे 'चालू' आहे. कुलूपवालंच हेरगिरीचं असणार ना?

मिस्त्री_अमळनेर
मोबाईल हप्त्यावर घेतलाय का?

केळीबाग_रावेर
हो. त्याचा इथे काय संबंध?

मिस्त्री_अमळनेर
तेच कुलूप. हप्ता थकला की मोबाईल बंद करायला फायनान्सवाले ते टाकतात. ते निघत नाही आणि बऱ्याच वेळा रीसेटनंतरही परत येतं. हप्ते फिटले की एनओसीसोबत तेही काढून द्या म्हणायचं, तोवर हात लावू नका.

@बिनधास्त_भुसावळ, रीसेटचा चौथा घोळ हा.

बिनधास्त_भुसावळ
मान्य. पण दुसरं तर रीसेटने गेलंच असतं.

तापीकाठ
गेलं असतं, पण आधी बँक. केळीबाग भाऊ, महिनाभरात लग्नपत्रिका, आरटीओ चलन किंवा पीएम किसान नावाची फाइल आली होती का, जिच्या शेवटी 'एपीके' लिहिलेलं असतं? पत्रिका पीडीएफ असते किंवा फोटो. ती 'इन्स्टॉल करू का' असं विचारत नाही.

केळीबाग_रावेर
पत्रिका आली होती. उघडली तर काही दिसलं नाही, म्हणून बाबांनी दोनदा उघडली. न मागता ओटीपीही येतात, ते सांगायचं राहिलं.

मिस्त्री_अमळनेर
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! आता या क्रमानेच करा.

१. एरोप्लेन मोड, वायफाय बंद. सिम काढून साध्या बटणाच्या मोबाईलमध्ये टाका, म्हणजे ओटीपी तिथे येतील.

२. दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून यूपीआय, नेटबँकिंग आणि कार्ड बंद करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, तक्रार क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ पासूनच्या नियमानुसार चूक ग्राहकाची असली तरी बँकेला कळवल्यानंतरचं नुकसान बँकेवर येतं. म्हणून किती वाजता कळवलं ते टिपून ठेवा.

३. सेफ मोड. मोबाईल बंद करा, पॉवरने चालू करा आणि लोगो दिसल्यावर व्हॉल्यूम खालचं बटण लॉक स्क्रीन येईपर्यंत दाबून धरा. दोन्ही बटणं एकदम दाबली तर फास्टबूट (दुरुस्तीची वेगळी स्क्रीन) येतं. आलंच तर पॉवर दहा-पंधरा सेकंद दाबून पुन्हा सुरू करा.

४. आधी ॲक्सेसिबिलिटी बंद, मग ॲडमिन बंद, मग अनइन्स्टॉल. नेहमीच्या मोडमध्ये हे पान आपोआप मागे जातं, कारण ते ॲपच 'बॅक' दाबतं. सेफ मोडमध्ये बाहेरची ॲप चालत नाहीत.

५. फाइल मॅनेजरमध्ये डाउनलोड आणि व्हॉट्सॲपच्या डॉक्युमेंट्समधली मूळ एपीके काढा. 'अननोन ॲप्स'मध्ये व्हॉट्सॲप बंद करा. प्ले स्टोअरमध्ये प्ले प्रोटेक्ट (गूगलची ॲप तपासायची सोय) चालू आहे का ते बघून स्कॅन करा, अशी चोर ॲप ते बंद करायला लावतात.

६. गूगल पासवर्ड आणि यूपीआय पिन बदलायचे, पण सफाई झाल्यावरच किंवा दुसऱ्या मोबाईलवरून. आधी याच मोबाईलवर बदलले तर नवेही गेले.

खापरावरची_पुरणपोळी
आयफोनमध्ये सेटिंग, जनरल, मग 'व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट' बघायचं. तिथे अनोळखी प्रोफाइल असेल तर काढायचं. आयओएस १६ पासून 'सेफ्टी चेक'ही आहे.

तापीकाठ
आयफोन कोणी विचारलाच नाही ताई, पण असू द्या.

केळीबाग_रावेर
सिस्टम अपडेट गेलं. पहिल्यांदा फास्टबूट आलंच. बँकेत पैसे शाबूत आहेत, कार्ड बंद केलं. बाबांच्या नंबरवरून तीच पत्रिका चौदा जणांना गेलेली दिसते, त्यांना कळवतोय. पण भावाचं कोडं तसंच आहे. हे ॲप व्यापाऱ्याला मेसेज पाठवत होतं का?

मिस्त्री_अमळनेर
हे ओटीपीवाले चोर, त्यांना केळीशी देणंघेणं नाही. व्हॉट्सॲपमध्ये तीन टिंबं, 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा. काय दिसतं?

केळीबाग_रावेर
'गूगल क्रोम, विंडोज'. आजच वापरलेलं दाखवतंय. आमच्याकडे संगणकच नाही.

तापीकाठ
बाहेर कुठे क्यूआर स्कॅन करून प्रिंट काढली होती का?

केळीबाग_रावेर
पीकविम्याची पावती, झेरॉक्सच्या दुकानात. दोन-तीन महिने झाले.

मिस्त्री_अमळनेर
त्या क्यूआरने बाबांचं व्हॉट्सॲप दुकानाच्या संगणकाला जोडलं गेलं, तेव्हापासून ते तिथे चालू आहे आणि मेसेज तिथे दिसतात. मोबाईलवर १४ दिवसांत एकदा जरी व्हॉट्सॲप वापरलं तरी ती जोडणी टिकते. त्या ओळीवर बोट ठेवा, 'लॉग आउट'. मग व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा. दुकानदारानेच वाचलं असं धरून भांडायला जाऊ नका, त्या संगणकावर दिवसभर कोणीही बसतं. पुढच्या वेळी पावती ईमेलने पाठवून प्रिंट घ्या.

केळीबाग_रावेर
लॉग आउट केलं. परवा कापणी आहे, बघू व्यापारी किती बोलतो.

सावखेडा_सावली
सध्या रावेरला काय भाव निघतोय?