नव्या माऊसने नेम फक्त आडवाच चुकतोय. सेन्सरच्या जागेमुळे असं होतं का?

मंडळी, मदत हवी आहे. जरा लांबण लागणार आहे.

राहायला कोपरखैरणे, ऑफिस ऐरोलीत. रात्री जेवणं उरकली की दीड-दोन तास व्हॅलोरंट, म्हणजे नेमबाजीचा कॉम्प्युटर गेम. चार वर्षं एकच माऊस वापरला. गेल्या महिन्यात त्याचं डावं बटण एका दाबात दोनदा क्लिक व्हायला लागलं, म्हणून लॅमिंग्टन रोडला जाऊन नवा आणला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धाग्याचं रणांगण होतं. डीपीआय (माऊस इंचभर सरकला की तो मोजतो ते ठिपके) ८००, गेममधली सेन्सिटिव्हिटी (तेवढ्या हालचालीत किती वळायचं तो आकडा) ०.३५, दोन्ही आकडे जुनेच. विंडोजमधलं 'एनहान्स पॉइंटर प्रिसिजन' (माऊस जोरात हलवला की कर्सर जास्त पळवणारं) बंद.

तरी डावीउजवीकडे कोणी दिसला आणि माऊस झटकला, की क्रॉसहेअर (नेमाची खूण) त्याच्या पुढे जाऊन उभा. गंमत म्हणजे वर-खाली काहीच तक्रार नाही. मागून कोणी आला म्हणून अख्खा हात फिरवून वळलो तर तेही पूर्वीसारखंच. घोळ फक्त मनगटातून हलवलं की.

दुकानदार म्हणाला, "सेन्सर एकदम ओके आहे साहेब, हाताला सवय होऊ द्या." तीन आठवडे सवयच करतोय. रँक खाली आली ती वेगळीच.

काल दोन्ही माऊस शेजारी शेजारी उलटे ठेवले. जुन्याचं सेन्सरचं, म्हणजे हालचाल टिपणाऱ्या भागाचं, भोक मधोमध, नव्याचं बरंच पुढे, बोटांच्या बाजूला. याने खरंच फरक पडतो, की नाचता येईना म्हणून मी अंगणाकडे बोट दाखवतोय?

ओलं_पॅड: पॅड कापडी आहे का? पावसाळ्यात आमच्याकडे वाशीला पॅड इतकं दमट होतं की माऊस चिखलात फिरवल्यासारखा वाटतो. आधी वाळवून बघा.

धागाकर्ता: कापडीच आहे, पण त्याच पॅडवर जुना माऊस नीट चालतोय. शिवाय दमटपणाने माऊस अडकेल, माझा तर पुढे पळतोय.

खारघरचा_खवय्या: सेन्सरच्या जागेकडे जाण्याआधी डीपीआय तपासा. डब्यावर ८०० लिहिलं म्हणजे आत नेमके ८०० असतातच असं नाही. विंडोजमधला पॉइंटर स्पीड मधल्या खुणेवर, म्हणजे अकरापैकी सहाव्या, ठेवा. स्क्रीन १९२० पिक्सेल रुंद असेल तर ८०० डीपीआयला कर्सर या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला माऊस २.४ इंच, म्हणजे ६.१ सेमी सरकायला हवा. पट्टीला चिकटवून सरळ रेषेत सरकवा. मनगट वळवायचं नाही, नाहीतर मोजण्यात अर्थ नाही.

धागाकर्ता: मोजलं. जुना ६.१, नवा ६.०. पट्टी मुलीच्या कंपासपेटीतली, त्यामुळे मिलिमीटरभर इकडेतिकडे धरा.

माजिवडा_जंक्शन: मग डीपीआय निर्दोष. तुमचा संशय बरोबर आहे.

दार उघडताना बिजागरीजवळचा भाग बोटभर हलतो आणि कडीजवळचा हातभर, पण कोन दोघांचा एकच. मनगट म्हणजे तुमची बिजागरी. सेन्सर तिच्यापासून जितका लांब, तितकं एकाच वळणात तो जास्त अंतर कापतो आणि गेमला तेवढी हालचाल कळवतो. अख्खा हात सरळ सरकवला की माऊसचा प्रत्येक भाग सारखाच सरकतो, तिथे सेन्सर कुठेही असो. वर-खालीही तसंच.

पटत नसेल तर सेन्सरच्या बरोबर वर बोट दाबून माऊस जागच्या जागी फिरवा, कर्सर फारसा हलणार नाही. आता शेपटाकडच्या टोकावर बोट दाबून तेवढाच फिरवा. पळेल.

नेहमीसारखा माऊस धरा आणि मनगटाच्या सांध्यापासून सेन्सरपर्यंतचं अंतर दोन्हींचं मोजा.

धागाकर्ता: बोटाची गंमत करून पाहिली, बायकोलाही दाखवली. ती म्हणाली, "बरं."

अंतर: जुना ८.५ सेमी, नवा १०.५. नवा पाठीला उंच आहे, त्यामुळे माझा तळवा मागेच राहतो.

माजिवडा_जंक्शन: म्हणजे जवळजवळ २४ टक्के जास्त. तुमच्या सेटिंगला माऊस एक सेमी सरकला की गेममध्ये साधारण ७.७ अंश वळतो. मनगट २० अंश वळवलं तर जुन्याने गेममध्ये २३ अंश वळायचात, आता २८. समोरच्याच्या डोक्यावरचा नेम हुकणारच.

धागाकर्ता: मग सेन्सिटिव्हिटी त्याच प्रमाणात उतरवली, ०.२८ केली. मनगटाचा नेम लगेच बसला! पण आता मागे वळायला जवळपास २९ सेमी लागतात, आधी २३ मध्ये व्हायचं. टेबल सुताराने भिंतीत ठोकून दिलेलं, कीबोर्ड आणि कपाट यांच्यामध्ये २७ सेमी जागा. माऊस कपाटावर आपटतो आणि आतून सासूबाई विचारतात, कोण आहे?

खारघरचा_खवय्या: काही माऊसच्या सॉफ्टवेअरमध्ये आडवा आणि उभा डीपीआय वेगळा ठेवता येतो, पण तुमच्या कामाचा नाही. आडवा कमी केला की हात फिरवून वळणंही मंदावतं. सेन्सरला मनगट आणि हात यांतला फरक कळत नाही.

माजिवडा_जंक्शन: आकड्यांपेक्षा पकड बदला. हात माऊसवर एक सेमी पुढे घ्या, बोटं बटणांच्या टोकापलीकडे थोडी गेली तरी चालेल. अंतर ९.५ होईल, मग ०.३१ पुरेल आणि मागे वळायला २६ सेमी. कपाट वाचेल. हात परत मागे घसरू नये म्हणून तळव्याच्या जागी ग्रिप टेपची पट्टी लावा.

आणि कोपर टेबलावर टेकतं का?

धागाकर्ता: नाही हो, टेबल अरुंद आहे. कोपर हवेत असतं.

माजिवडा_जंक्शन: मग मनगटाशिवाय करणार तरी काय! खुर्चीचा हात टेबलाच्या उंचीला आणा, कोपर टेकलं की थोडं काम हातावर जाईल.

धागाकर्ता: चार दिवसांनी लिहितोय. ०.३१ आणि टेप, दोन्ही केलं. आडवा नेम बराच सुधारला. घाईत अजून हात मागे जातो आणि पहिली गोळी हुकते, पण कपाट शांत आहे. खुर्चीचा हात वर जातच नाही, त्यावर सध्या दोन जुने टॉवेल गुंडाळलेत.

आता एकच विचारायचंय. जुन्या माऊसचं बटण बदलून देणारं कोणी घणसोली-कोपरखैरणे पट्ट्यात आहे का? सोल्डरिंग मला जमत नाही.