पहिल्या तासाला इंट की इंट३२_टी?

खडूवाला: "इंट शिकवणारे मास्तर मुलांचं वाटोळं करताहेत, पहिल्या दिवसापासून इंट३२_टीच हवं." बिटबिटची ही पोस्ट वाचली आणि चहा गार झाला. बारा वर्षं सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतोय. इंट म्हणजे पूर्णांकाचा साधा प्रकार, आकार मशीनप्रमाणे बदलणारा; इंट३२_टी म्हणजे कुठेही बरोबर ३२ बिटी. अहो, पोरं अर्धविराम विसरतात, त्यांना ६४ बिटी, म्हणजे आठ बाइटचा, इंट६४_टी देऊन आकडा छापणाऱ्या प्रिंटएफमध्ये काय लिहायला सांगू? पर्सेंट एलडी, म्हणजे लाँग प्रकार छापायची खूण, ६४ बिटी लिनक्सवर चालते, विंडोजवर नाही, तिथे लाँग चारच बाइटचा. मग दोन्हीकडे चालणारी खूण म्हणून पीआरआयडी६४चं भूत काढा. इंट घ्या, बेरीज करा, पुढे चला.

बिटबिट: वाटोळं मीच लिहिलं होतं, शब्द मागे घेत नाही. "पुढे चला" करतच मी नोकरीला लागलो. एव्हीआर नावाची छोटी कंट्रोलर चिप, तिथे इंट १६ बिटी, म्हणजे जास्तीत जास्त ३२७६७. ठिबकचा पंप दहा तासांनी बंद व्हायचा होता. सेकंद इंटमध्ये मोजले. ३२७६७ नंतर, म्हणजे नऊ तास सहा मिनिटांनी, आकडा उणे. दहा तासांचे ३६००० सेकंद कधी आलेच नाहीत, पंप चालूच. पहाटे बागवाल्याचा फोन. त्याने काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

जर्नलग्रस्त: चिप कशाला? आमच्या कॉलेजात टर्बो सी हे डॉसच्या काळातलं सीचं सॉफ्टवेअर होतं, तिथेही इंट १६ बिटी. ८ चं फॅक्टोरियल ४०३२० ऐवजी -२५२१६ आलं. मॅडम म्हणाल्या, "जर्नलमध्ये ७ पर्यंतच लिही."

निळापडदा: टर्बो सीला नावं ठेवायची फॅशनच झालीय. कंट्रोल एफ९ दाबलं की प्रोग्राम चालतो. तुमचा तो जीसीसी कंपायलर बसवण्यात तीन प्रॅक्टिकलं जातात.

जर्नलग्रस्त: चालतो ना, व्हॉइड मेन आणि कोनिओ.एच असल्या प्रमाण सीमध्ये नसलेल्या सवयींसकट! इंटरव्ह्यूत सवयीने क्लिअरस्क्रीन लिहिलं, समोरचा फिस्सकन हसला.

निळापडदा: हसला म्हणून नोकरी गेली का? आम्ही टर्बो सीच्या त्याच निळ्या पडद्यावर शिकलो, घर चालवतोय.

जर्नलग्रस्त: तुम्ही शिकलात तेव्हा दुसरं काही नव्हतं. मी नव्या मशीनवर जुनं डॉस चालवणाऱ्या डॉसबॉक्समध्ये शिकलो, लाज वाटू द्या थोडी.

खडूवाला: भांडण आवरा. बिटबिटराव, पंपाला नमस्कार. चौथ्या आठवड्यात इंट३२_टी सांगेन, झालं समाधान? पण "वय उणे नसतं, मग अनसाइन्ड घ्या" (म्हणजे उणे आकडे नसलेला प्रकार) हा शहाणपणा नको. एकाने अनसाइन्ड आय घेऊन उलटा लूप लावला, अट आय >= ०. शून्यातून एक वजा केला की उणे नाही, थेट ४२९४९६७२९५, म्हणजे अट कायम खरीच. लॅब सुटली तरी लूप चालूच.

बिटबिट: अनसाइन्ड मी म्हणालोच नव्हतो. पण चौथा आठवडा चालेल. आधी तेवढं -२५२१६ फळ्यावर लिहा.

निळापडदा: त्यासाठी टर्बो सीच लागेल हं.