आइसलँडची पुस्तके माण-खटावच्या वाचनालयांना द्यायची आहेत, वर्गणी कशी काढू?

मेंढरांचा डॉक्टर, दहिवडी:
नमस्कार. पशुसंवर्धनात ३१ वर्षे काढली, त्यातली बरीचशी धनगरवाड्यांवर. गेल्या पावसाळ्यात मुलीने आइसलँडच्या हाल्दोर लाक्सनेस यांची ‘इंडिपेंडंट पीपल’ इंग्रजीत आणून दिली. लेखकाला १९५५ चे नोबेल मिळालेले. कादंबरीतला ब्यार्तुर १८ वर्षे दुसऱ्याची चाकरी करून स्वतःचे रान घेतो आणि मेंढरांपुढे बायकोपोरांचीही तमा बाळगत नाही. जंतांनी मेंढरे मरू लागतात, तिथे मी पुस्तक मिटून अंगणात जाऊन बसलो. तसे कळप मी हातांनी तपासलेत.

एका वाड्यावर त्यातली चार पाने मराठीत करून सांगितली. म्हातारबा कोकराच्या तोंडात आईचे सड देत ऐकत होते. मधेच म्हणाले, “बर्फात वाघर (मेंढरे कोंडायची जाळी) रोवायची कुठं?” मी सांगितले, तिकडे एकाच घरात खाली मेंढरे, वर माळ्यावर माणसे. “मग ऊब मेंढरांचीच की!” म्हणाले आणि पुढचे सांगा म्हणून बसून राहिले.

म्हणून १० वाचनालयांना प्रत्येकी ४ पुस्तके द्यायचा विचार आहे. प्रत सरासरी ७०० रुपये धरली तर २८,००० लागतील. माझे १०,००० घालतोय. उरलेल्यासाठी गटावर माझा क्यूआर कोड टाकला तर चालेल का?

ग्रंथपाल, वाई:
डॉक्टरसाहेब, स्वतःच्या खात्यावर लोकांचे पैसे घेऊ नका. तुमचा हेतू चांगला असला तरी उद्या कुणी हिशेब मागितला की मनाला लागेल. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी असलेले एखादे वाचनालय पुढे करा, पैसे त्यांच्या खात्यात, पावती त्यांची. आणि आधी प्रत्येक वाचनालयाला विचारा. न विचारता आलेली पुस्तके दाखल नोंदवहीत चढतात आणि कपाटात जातात, तिथून हलत नाहीत. इंग्रजी पुस्तक तर हमखास. मी रोज बघते.

सांगलीकर मास्तर:
ताईंचे खरे आहे, पण यादीत ‘न्यालची सागा’ घ्याच. सागा म्हणजे आइसलँडची जुनी गद्यकथा, ही तेराव्या शतकातली. न्याल कायद्याचा जाणकार, सल्ल्याला लोक लांबून येतात, आणि शेवटी शत्रू त्याला घरासकट जाळतात. आमच्याकडे बांधावरून तीन पिढ्या कोर्टात गेलेली घरे आहेत, त्यांना सूडाची ही साखळी समजावून सांगावी लागणार नाही. दुसरे म्हणजे, आइसलँडचे साहित्य केंद्र परदेशी प्रकाशकांना अनुवादासाठी अनुदान देते. मराठी प्रकाशकाने अर्ज केला तर म्हातारबांचा नातू ते मराठीत वाचेल. पुस्तके देताना खालच्या खणात ठेवू नका एवढे सांगा. २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीतल्या वाचनालयाची पुस्तके फुगून लगदा झाली. पाने सोडवायला बसलो, तर शाई बोटांना येत होती.

मेंढरांचा डॉक्टर, दहिवडी:
ताई, मास्तर, दोघांचेही ऐकतो. क्यूआर कोड रद्द. दहाऐवजी आधी तीन वाचनालये, विचारून. प्रत्येक पुस्तकात मी हाताने लिहिलेला मराठी सारांश चिकटवीन, आठ-दहा पानांचा. प्रकाशकासाठी पत्र लिहायला घेतोय. मास्तर, तुमच्याकडे कुणी ओळखीचे असेल तर कळवा. म्हातारबांना मात्र पुढची पाने या रविवारीच सांगणार आहे. जंताचा भाग अजून यायचाय.