एकाच अंगणात टर्की, कोंबड्या, बदके आणि राजहंस : सर्वांना एकच खाद्य चालेल का?

परसदार (प्रश्न)

माझ्याकडे अंडी देणाऱ्या नऊ कोंबड्या, दहा आठवड्यांच्या चार टर्की, तीन आठवड्यांची पाच बदकपिल्ले आणि दोन प्रौढ राजहंस आहेत. रात्री सर्वांची सोय वेगळी असली तरी दिवसभर ते एकाच कुंपणात वावरतात. प्रत्येकासाठी वेगळे भांडे ठेवून पाहिले. परंतु आपल्यापुढचे सोडून शेजाऱ्याच्या भांड्यात चोच घालण्याची खोड सर्वांनाच असल्यामुळे तो प्रयोग दोन दिवसांत मोडीत निघाला. तेव्हापासून सर्वांना कोंबड्यांचे लेअर खाद्यच देत आहे. पोत्यावर प्रथिने 16 टक्के आणि कॅल्शियम 3.8 टक्के असे छापलेले आहे. संध्याकाळी थोडा मका जमिनीवर टाकतो.

चार दिवसांपासून एक बदकपिल्लू नीट उभे राहत नाही. दोन पावले टाकून लगेच बसते, आणि त्याचे पाय बाहेरच्या बाजूला वाकल्यासारखे दिसतात. जखम किंवा सूज आढळली नाही. हा खाद्याचा दोष असू शकेल का, आणि संपूर्ण कळपाला चालेल असे एकच खाद्य असते का, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

जुने खुराडे

सर्वांत आधी ते लेअर खाद्य सामायिक भांड्यातून काढून टाका. ते वाईट नाही, पण ते फक्त अंड्यावर असलेल्या पक्ष्यासाठी तयार केलेले असते. एका अंड्याच्या कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम असते आणि खाल्लेले सगळेच कॅल्शियम अंगी लागत नाही, म्हणून त्या खाद्यात ते साडेतीन ते चार टक्क्यांपर्यंत ठेवतात. वाढत्या पिल्लाला सुमारे 1 टक्का पुरते. उरलेले कॅल्शियम शरीराबाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांवर पडते, आणि हे आठवडेच्या आठवडे चालू राहिले तर मूत्रपिंडे निकामी होऊन आतील अवयवांवर युरेटचा, म्हणजे युरिक आम्लाच्या क्षारांचा, पांढरा थर साचतो. तुमच्या टर्की आणि बदकपिल्ले दोन्ही वाढीच्या वयात आहेत.

कळपाला एकच खाद्य द्यायचे असेल, तर कमी कॅल्शियमचे आणि 18 ते 20 टक्के प्रथिनांचे ग्रोअर (वाढत्या पक्ष्यांसाठीचे) खाद्य सर्वांपुढे ठेवावे आणि शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या भांड्यात द्यावा. दिवसाला 110 ग्रॅम खाणाऱ्या कोंबडीला 1 टक्का कॅल्शियमच्या खाद्यातून जेमतेम 1.1 ग्रॅम मिळते. बाकीचे ती शिंपल्यांतून आपणहून भरून काढते. चुरा जाडसरच हवा, कारण कवच मुख्यतः रात्री तयार होते आणि जाड तुकडे पेषणीत, म्हणजे दाणे भरडणाऱ्या जठरात, रेंगाळून रात्रभर थोडे थोडे विरघळत राहतात. अंड्यावर नसलेले पक्षी त्या भांड्याकडे फारसे फिरकत नाहीत. बारीक दगडी खडी मात्र याहून वेगळी गोष्ट आहे. ती दाणे भरडण्यासाठी लागते आणि शिंपला तिची जागा घेऊ शकत नाही.

मक्याबाबतही हात आखडता घ्यावा. मक्यात प्रथिने 8 टक्क्यांच्या आसपास असतात. 20 टक्क्यांच्या तीन भाग खाद्यात एक भाग मका मिसळला, की सरासरी 17 टक्क्यांवर येते. कोंबड्यांचे त्यावर भागेल. पण दहा आठवड्यांच्या टर्कीला 22 टक्क्यांच्या आसपास प्रथिने हवी असतात. पहिल्या आठ आठवड्यांत तर टर्कीच्या पिल्लांना 26 ते 28 टक्के लागतात, त्यामुळे त्या वयात एकत्र खाद्याचा विचारच करू नये. तुमच्या टर्की त्या टप्प्यातून पुढे आल्या आहेत एवढे खरे.

पाणवठा

मी केवळ बदके आणि राजहंस पाळतो, त्यामुळे त्यांच्यापुरतेच बोलतो. तुम्ही सांगितलेली लक्षणे नायसिनच्या, म्हणजे ब गटातील एका जीवनसत्त्वाच्या, कमतरतेशी फार जुळतात. पाय वाकणे, घोट्याचा सांधा जाड होणे, सारखे बसून राहणे हा त्याचा नेहमीचा क्रम आहे. कोंबडीच्या पिल्लाला दर किलो खाद्यात सुमारे 30 मिलिग्रॅम नायसिन पुरते, तर बदकाला 55, टर्कीला 60 आणि राजहंसाला 65 मिलिग्रॅमच्या आसपास लागते. कारण हे पक्षी ट्रिप्टोफॅन या प्रथिनांतील घटकापासून स्वतः नायसिन बनवण्यात कोंबडीपेक्षा कच्चे असतात. मक्यातील नायसिन बांधलेल्या रूपात असते आणि पक्ष्याच्या फारसे उपयोगी पडत नाही, म्हणून संध्याकाळच्या मक्याने ही उणीव भरून निघत नाही.

वाळवलेले ब्रुअर्स यीस्ट (बिअर बनवण्याचे, आता निर्जीव केलेले यीस्ट) हा सोपा उपाय आहे. त्यात दर किलोला 400 मिलिग्रॅमच्या वर नायसिन असते, म्हणजे एक किलो खाद्यात 50 ग्रॅम मिसळल्यास सुमारे 20 मिलिग्रॅमची भर पडते. पाव फुगवण्याचे जिवंत यीस्ट यासाठी वापरू नये. जे पिल्लू आधीच बसले आहे, त्याला एवढ्याने वेळेत गुण येईल याची खात्री नाही. त्याच्यासाठी पाण्यात विरघळणाऱ्या नायसिनची मात्रा पशुवैद्यकाला विचारून आजच सुरू करावी. सांधा एकदा वाकडा होऊन बसला आणि स्नायुबंध जागेवरून सरकला, तर पुढे कितीही नायसिन दिले तरी पाय सरळ होत नाही.

बदकांना कोरडी, पिठासारखी मॅश देऊ नका. ती चोचीला चिकटते, घशात अडकते आणि निम्मी पाण्यात जाते. क्रंबल (भरड कण) किंवा बारीक पेलेट (दाबून केलेल्या गोळ्या) बरे. पाणी मात्र नाकपुड्या बुडतील इतके खोल आणि खाद्यापासून चार पावले दूर असावे. पाणी अगदी भांड्याला लागून असेल, तर बदके तासाभरात दोन्हींचा चिखल करतात.

राजहंसांचे म्हणाल, तर प्रौढ राजहंस हा मुळात चरणारा प्राणी आहे. आखूड, कोवळे गवत भरपूर असेल तर विणीचा काळ सोडून त्याला खाद्य नावापुरतेच लागते. दिवसभर भांड्यापाशी राहिला तर तो नुसता लठ्ठ होतो.

मोकळे कुंपण

वरील मतांशी मी पूर्णपणे सहमत नाही. मी अनेक वर्षे सर्वांना लेअर खाद्यच घातले आहे आणि माझा एकही पक्षी त्याने मेला नाही. वेगवेगळ्या टक्केवारीचा एवढा बाऊ केल्यास परसात पक्षी पाळण्यातील मजाच निघून जाईल.

जुने खुराडे

आपल्या पक्ष्यांना मोठे रान मिळत असेल आणि ते पोटाचा बराच भाग किडे-गवतावर भरत असतील, तर खाद्यातील दोष झाकला जातो, हे मी नाकारत नाही. प्रौढ पक्षी जास्त कॅल्शियम बऱ्यापैकी सहनही करतात. येथे प्रश्न बंदिस्त कुंपणातील तीन आठवड्यांच्या पिल्लांचा आहे, आणि त्यांतील एक आत्ताच पायांवर उभे राहू शकत नाही.

परसदार

दोघांचेही आभार. पिल्लाला नायसिन सुरू केले असून लेअर खाद्य आजपासून बंद केले आहे. दोन शंका उरतात. 20 टक्क्यांचे खाद्य बदकपिल्लांना जास्त होऊन पंख बाहेर वळतात, असे ऐकले. ते खरे का? दुसरे, मिळालेल्या ब्रॉयलर स्टार्टरच्या, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांच्या पिल्लांसाठीच्या खाद्याच्या, पोत्यावर कॉक्सिडिया या आतड्यातील परजीवीला रोखणारे औषध मिसळल्याची नोंद आहे. ते सर्वांना चालेल का?

पाणवठा

पंखांबद्दल ऐकलेले निराधार नाही. प्रथिने आणि ऊर्जा जास्त झाली, की पंखाच्या टोकाची रक्ताने भरलेली नवी पिसे हाडा-स्नायूंच्या मानाने लवकर जड होतात आणि मनगटाचा सांधा बाहेर वळतो. बदकपिल्लांना पहिले दोन आठवडे 20 ते 22 टक्के प्रथिने योग्य असतात, नंतर 16 ते 18 पुरतात. तुमच्या तडजोडीच्या खाद्यावर त्यांना रोज भरपूर चिरलेला हिरवा पाला द्या आणि चालती-फिरती ठेवा. पंख लोंबकळू लागलेला दिसताच तो नैसर्गिक घडीत ठेवून मऊ पट्टीने काही दिवस बांधल्यास बहुधा सुधारतो. वाढ पूर्ण झाल्यावर मात्र काही करता येत नाही.

जुने खुराडे

औषधी खाद्याबाबत पोत्यावरचे औषधाचे नाव वाचल्याशिवाय एक दाणाही घालू नका. सॅलिनोमायसिन किंवा नॅरासिन असेल, तर ते पोते टर्कींपासून पूर्णपणे दूर ठेवावे. कोंबडीला सोसणारी मात्रा टर्कीला विषासारखी ठरते आणि पायांतली ताकद जाऊन पक्षी मरतो. मिश्र कळपासाठी बिनऔषधी खाद्य हेच मला शहाणपणाचे वाटते.

आपण विचारले नाही, तरी एक सांगतो. मका जमिनीवर टाकणे थांबवा. कोंबड्यांच्या अंधांत्रातील (आतड्याच्या बंद पिशवीतील) कृमींच्या अंड्यांमधून ब्लॅकहेड या रोगाचा परजीवी पसरतो. कोंबडी बहुधा धडधाकट दिसते आणि टर्की मात्र त्याने पटापट मरतात. ती अंडी मातीत कित्येक वर्षे टिकतात आणि गांडुळांमधूनही पोटात जातात. टर्कींना वेगळी, कोंबड्या कधी न फिरलेली जमीन देणे हाच खरा उपाय आहे. ते शक्य नसेल, तर निदान खाद्य भांड्यातच द्यावे आणि भांडे पाठीच्या उंचीला टांगावे.

तसेच ओले झालेले खाद्य त्याच दिवशी फेकून द्या. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीमुळे मेल्या आणि त्याच तपासातून अफ्लाटॉक्सिन हे विष उजेडात आले. त्याला सर्वांत नाजूक बदकपिल्लू, त्याखालोखाल टर्कीचे पिल्लू; कोंबडी त्या मानाने बरीच चिवट. म्हणजे कोंबड्या ठणठणीत दिसतात, यावरून खाद्य चांगले आहे असा निष्कर्ष काढता येत नाही.

परसदार

दहा दिवसांनी कळवतो. पिल्लू आता स्वतः पाण्यापर्यंत चालत जाते. उजवा पाय अजून किंचित बाहेर पडतो. औषधी पोते परत केले आणि 20 टक्क्यांचे बिनऔषधी ग्रोअर यीस्ट मिसळून देत आहे. टर्कींचे भांडे उंच टांगल्यावर कोंबड्या त्याच्या झाकणावर चढून बसू लागल्या, म्हणून झाकणाला तीव्र उतार दिला, तेव्हा कुठे त्या घसरून खाली राहिल्या. बदकपिल्लांसाठी जाळीची पेटी केली असून तिच्या फटीतून सध्या फक्त तीच आत जाऊ शकतात. आणखी दोन-तीन आठवड्यांत ती त्या फटीत मावणार नाहीत, तेव्हा टर्कींना वेगळी जमीन कुंपण घालून देण्याचे काम तोवर उरकायचे आहे. शिंपल्यांच्या भांड्यापाशी फक्त कोंबड्या दिसतात, आणि कधीमधी एक राजहंस, जो एक तुकडा उचलून पुन्हा टाकून देतो.