ज्यू आहे पण झायोनिस्ट नाही, हे नक्की काय प्रकरण आहे?

निनाद_क
मंडळी, बेसिक प्रश्न आहे, हसू नका. परवा एका व्हिडिओत एक अमेरिकन बाई सांगत होत्या की मी ज्यू आहे पण झायोनिस्ट (म्हणजे ज्यूंचं स्वतःचं राष्ट्र हवं म्हणणारी) नाही, आणि समोरचे गृहस्थ, तेही ज्यूच, असे भडकले की मग तुम्ही ज्यू कसल्या म्हणाले. पुढे अर्धा तास जुंपली आणि सगळं माझ्या डोक्यावरून गेलं. मला आपलं वाटायचं की ज्यू हा धर्म, इस्रायल त्यांचा देश, विषय संपला. आता वाचायला घेतलं तर कोणी म्हणतं आई ज्यू तर मूल ज्यू, कोणी म्हणतं देव न मानणारेही ज्यू असतात. मग हा धर्म आहे, वंश आहे का राष्ट्र? आणि विरोध करणारा ज्यू म्हणजे घरभेदी समजायचा का? व्हॉट्सॅप फॉरवर्ड नकोत प्लीज.

तळटीप
दोन वेगळे प्रश्न कालवलेत तुम्ही, पण तुमचा दोष नाही, त्यांच्याकडेही ते कालवलेलेच आहेत.

पहिला, ज्यू कोण. हलाखा म्हणजे त्यांचा धर्मशास्त्रीय कायदा, तो म्हणतो आई ज्यू असेल किंवा रीतसर धर्मांतर केलं असेल तर ज्यू. गंमत बघा, आईकडून ज्यू असलेला माणूस कट्टर नास्तिक झाला तरी या हिशोबाने ज्यूच राहतो, म्हणजे नास्तिकाला ज्यू ठरवणारा धर्मच आहे. अमेरिकेतल्या रिफॉर्म या उदारमतवादी पंथाने १९८३ मध्ये सांगितलं की वडील ज्यू असले आणि मूल ज्यू म्हणून वाढलं तरी चालेल, ऑर्थोडॉक्स म्हणजे सनातनी मंडळींना ते आजही मान्य नाही.

इस्रायल झाल्यावर हा वाद कोर्टात गेला कारण १९५०च्या परतीच्या कायद्याने प्रत्येक ज्यूला तिथे येऊन राहायचा हक्क दिला, आणि हक्क म्हटला की तो कोणाला हे ठरवणं आलंच. पोलंडमधल्या ज्यू घरात जन्मलेले, नाझी काळात कितीतरी ज्यूंचे जीव वाचवलेले ओस्वाल्ड रुफायझन नंतर कॅथलिक साधू झाले, ब्रदर डॅनियल, आणि त्यांनी ज्यू म्हणून हा हक्क मागितला. धर्मशास्त्राने बघितलं तर ते ज्यूच, पण १९६२ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, नाही, सामान्य माणूस ज्याला ज्यू म्हणतो त्यात साधू बसत नाही. मग १९७० मध्ये नौदलातले एक अधिकारी शलित, बायको ज्यू नाही, मुलांची नोंद ज्यू म्हणून हवी, कोर्टात ५ विरुद्ध ४ ने जिंकले. लगेच संसदेने कायदा बदलला. व्याख्या आईवरच ठेवली, पण येण्याचा हक्क ज्यू माणसाच्या मुलांना, नातवंडांना आणि त्यांच्या जोडीदारांनाही दिला. त्यामुळे सोव्हिएत संघातून असे लाखो लोक आले की नागरिकत्व मिळालं पण तिथले रब्बी म्हणजे धर्मगुरू त्यांना ज्यू मानत नाहीत, आणि देशात सिव्हिल मॅरेज नाही म्हणून लग्न लावायला सायप्रसला जातात. तिकडे पासपोर्टवर ज्यू लिहिलेलं म्हणून टोमणे खाल्ले आणि इकडे आल्यावर रशियन.

दुसऱ्या प्रश्नावर कोणीतरी लिहा, माझी बोटं दुखली.

आजोबा१९५२
मी लिहितो. विरोध हा झायोनिझम इतकाच जुना आहे. १८९७ची पहिली झायोनिस्ट काँग्रेस, म्हणजे त्यांची परिषद, खरं तर म्युनिकला व्हायची होती, तिथल्या ज्यू समाजानेच विरोध केला म्हणून बासेलला हलवली. त्याच वर्षी विल्नात (आजचं विल्नियस) बुंद ही ज्यू कामगारांची समाजवादी संघटना निघाली, त्यांचं म्हणणं आम्ही जिथे राहतो तिथेच हक्क मिळवणार, यिद्दिश ही आपली ज्यूंची भाषा बोलणार, कुठे जायचं नाही. आणि पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला ब्रिटनने पाठिंबा दिला तो बाल्फोर जाहीरनामा १९१७चा, त्याला ब्रिटिश मंत्रिमंडळातून सर्वात जोरदार विरोध कोणाचा? एडविन माँटेग्यूचा. तोच, आपण शाळेत घोकलेल्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमधला, स्वतः ज्यू. ज्यूंचं वेगळं राष्ट्र आहे म्हटलं की बाकी देशांत आम्ही परके ठरणार, ही त्याची भीती. त्यामुळे घरभेदी वगैरे शब्द जपून वापरा.

खडूस
आजोबा, सगळं बरोबर पण घड्याळ १९१७ला बंद पडलंय तुमचं. बुंदचं पुढे काय झालं तेही सांगा की. जिथे राहतो तिथेच म्हणणाऱ्या पोलंडच्या ३० लाख ज्यूंना मारलं. १९३९ मध्ये सेंट लुईस जहाजावरच्या ९००हून जास्त निर्वासितांना क्युबाने घेतलं नाही, अमेरिकेने घेतलं नाही, युरोपात परत पाठवलं. १९५०-५१ मध्ये इराकमधून लाखभर ज्यू निघाले, ते काय हौसेने? बहुतेक ज्यूंना झायोनिझम म्हणजे पुस्तकातली विचारधारा वाटत नाही, कोणी दार उघडलं नाही तर निदान एक दार आपलं असावं, एवढंच. व्हिडिओतले ते गृहस्थ म्हणून भडकले असणार.

रेवा
खडूस, मुद्दा कळतो, पण त्या दाराच्या आत आधीपासून लोक राहत होते ना. १९४८ मध्ये सातेक लाख पॅलेस्टिनी घराबाहेर गेले ते परत येऊ शकले नाहीत, त्या बाईंचा सूर बहुधा हा असेल. आणि हेही काही बाहेरच्यांनी शिकवलेलं नाही, आहाद हाआम हा झायोनिस्ट लेखक १८९१ मध्येच पॅलेस्टाइन बघून येऊन लिहितो की ती जमीन रिकामी नाही. तत्त्वज्ञ मार्टिन बूबर तर पक्के झायोनिस्ट, १९३९ मध्ये गांधीजींना उत्तर लिहून ज्यूंची बाजू मांडणारे, पण त्यांना अरब आणि ज्यू दोघांचं मिळून एक राज्य हवं होतं. त्यांना कुठल्या खणात टाकणार?

अवांतर : ज्यू कोण या प्रश्नाचा चटका आपल्या बेने इस्रायल लोकांनाही बसलाय. कोकणात पिढ्यानपिढ्या शनिवार पाळणारे, शनवार तेली म्हणून ओळखले जाणारे हे लोक इस्रायलला गेले आणि साठच्या दशकात मुख्य रब्बींच्या कार्यालयाने फतवा काढला की यांची लग्नं इतर ज्यूंशी लावताना वंश तपासा. यांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, आणि १९६४ मध्ये संसदेला ठराव करून सांगावं लागलं की हे सर्व अर्थाने ज्यू आहेत. मराठी बोलणारे, झायोनिझमवर विश्वास ठेवून गेलेले, आणि तिथे प्रश्न पडला तो यांच्या ज्यूपणाचाच!

खडूस
खण हवेच असतात असं नाही, पण बूबरच्या कल्पनेला दोन्ही बाजूंनी किती लोक होते तेही बघा. मूठभर. बेने इस्रायलचं माहीत नव्हतं, धन्यवाद.

निनाद_क
बाप रे, एवढं अपेक्षित नव्हतं, सगळ्यांचे आभार. एक शेवटचं. ते काळे कोट, लांब कल्ले, हातात पॅलेस्टाइनचा झेंडा, मोर्च्यात दिसतात, ते त्या बाईंच्याच बाजूचे का?

तळटीप
झेंडा एकच, कारण वेगळं. ते नेतुरेई कार्ता, अगदी लहान गट. त्यांचं म्हणणं असं की मसीहा यायच्या आधी ज्यूंनी आपलं राज्य उभारणं हेच पाप, तालमुद या त्यांच्या धर्मग्रंथातल्या तीन शपथांचा आधार देतात. हाच आधार सातमार पंथाचे रब्बी योएल टायटेलबाउम यांनी घेतला, तो पंथ मात्र बराच मोठा आहे (आणि स्वतः टायटेलबाउम १९४४ मध्ये वाचले ते कास्टनर नावाच्या झायोनिस्टाने नाझींशी बोलणी करून मिळवलेल्या ट्रेनमधून, यावर त्यांचे विरोधक अजून बोलतात). त्या बाईंना पॅलेस्टिनींचे हक्क हवेत, यांना मसीहा हवाय. मोर्चा संपल्यावर त्या बाईंशी हे हस्तांदोलनसुद्धा करणार नाहीत, परक्या बाईला स्पर्श चालत नाही त्यांना.