मदत हवी आहे: चालकाविना चालणारा स्टॅकर रिकाम्या जागेत थांबतो आणि समोर फोर्क असताना थांबत नाही

संध्यापाळी

नमस्कार मंडळी,

भिवंडीजवळच्या एका गोदामात मी दुसऱ्या पाळीची सुपरवायझर आहे. आमच्याकडे चालकाविना चालणारे स्टॅकर आले आहेत. डॉकवरून पॅलेट उचलायचं आणि रॅकच्या तोंडाशी नेऊन ठेवायचं, एवढंच त्यांचं काम. त्याच गल्ल्यांतून चालकाच्या साध्या फोर्कलिफ्ट फिरतात आणि माथाडी कामगारही. मी कॉमर्सची, त्यामुळे तांत्रिक शब्द चुकला तर सांभाळून घ्या.

दुखणी दोन आहेत आणि दोन्ही एकमेकांच्या उलट.

पश्चिमेच्या शटरसमोर ऊन कललं की गाडी मधेच उभी राहते. समोर चिटपाखरू नसतं, तरी लाल दिवा आणि भोंगा. थोड्या वेळाने आपोआप निघते, दहा पावलांवर पुन्हा तेच. पावसात हीच तऱ्हा, पण जागा वेगळी: उतारावरच्या डॉकपाशी.

दुसरं दुखणं जास्त छळतं. एकाने फोर्कलिफ्ट कडेच्या खणात लावली, पण फोर्क कमरेइतके वर आणि गल्लीत आलेले. स्टॅकर वेग जराही कमी न करता त्यांच्यावर चालला होता. एका कामगाराने धावत जाऊन लाल बटण दाबलं म्हणून निभावलं.

आता वरून फर्मान आलंय की माल अडतो, स्कॅनरचं क्षेत्र, म्हणजे ज्यात काही दिसलं की गाडी थांबते तो समोरचा पट्टा, लहान करून घ्या. व्हेंडरचा माणूस लॅपटॉप लावून करून द्यायला तयार आहे, कागदावर सही मात्र माझी हवी. मला हे पटत नाही. पण मीटिंगमध्ये ‘पटत नाही’ एवढ्यावर भागत नाही. कुणी आकड्यांत समजावेल का?

ओएसएसडी

ताई, सही करू नका. हे घ्या आकडे. गाडीचा वेग सेकंदाला १.५ मीटर धरू. स्कॅनरने पाहिलं, कंट्रोलरला कळलं, ब्रेक लागायला सुरुवात झाली, यात मिळून ०.३ सेकंद धरा. तेवढ्यात गाडी ४५ सें.मी. पुढे गेलेली असते. ब्रेकचा जोर ०.७ मीटर प्रति सेकंद वर्ग धरला तर पुढे आणखी १.६ मीटर. झाले दोन मीटरच्या वर, आणि स्कॅनरच्या मोजणीतल्या चुकीसाठी वेगळी वाढ धरावी लागते ती निराळीच. तुमच्या गाडीचे खरे आकडे मॅन्युअलमध्ये असतील, हिशोबाची रीत हीच.

आता क्षेत्र १.२ मीटरवर आणलं असं समजा. माणसाच्या पायाशी पोचेल तेव्हाही गाडी सेकंदाला सुमारे १.१ मीटरने जात असेल, वर पॅलेटचं वजन. मीटिंगमध्ये एवढं एकच वाक्य वाचून दाखवा.

क्षेत्र कधीच लहान करू नये असं मात्र नाही. आधी वेग कमी, मग क्षेत्र लहान. वेग निम्मा केला की ब्रेकचं अंतर पाव होतं: ०.७५ च्या वेगाला सगळं मिळून ६५ सें.मी.च्या आत काम होतं. म्हणून चाकाच्या एन्कोडरवरून (चाकाचे फेरे मोजणारं यंत्र) मोजलेल्या वेगानुसार क्षेत्रांचे संच बदलतात. डॉकपाशी हळू चालण्याचा पट्टा आखून घ्या, तिथे छोटं क्षेत्र आपोआप लागू होऊ द्या. मालाचा खोळंबा त्याने बराच कमी होईल.

जुना_मेंटेनन्सवाला

थांबण्याची कारणं शोधण्याआधी एक विचारतो. स्कॅनरच्या नोंदीत काय येतंय, क्षेत्रात वस्तू दिसली की काच मळली? दोन्हीत गाडी सारखीच थांबते, उपाय वेगळे. वस्तू दिसली असेल तर कुठल्या कोनात आणि किती अंतरावर, हेही व्हेंडरच्या सॉफ्टवेअरमध्ये बघता येतं. तेवढं मागून घ्या.

उन्हाबद्दल माझा अंदाज: हे स्कॅनर बहुतेक ९०५ नॅनोमीटरची अवरक्त किरणं सोडतात आणि ती परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतात. दहा मीटर जाऊन यायला सुमारे ६७ नॅनोसेकंद. सूर्यप्रकाशातही ती तरंगलांबी भरपूर असते. सूर्य खाली आला, शटर उघडं आणि किरणं थेट काचेत, की आतला रिसीव्हर, परतलेली किरणं टिपणारा भाग, दिपतो. सुरक्षेचं यंत्र शंका आली की थांबवतं, आणि ते तसंच हवं. शटरला पट्ट्यांचा पडदा किंवा बाहेर छज्जा लावून बघा. सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी ताडपत्रीवर खर्च करा.

व्हेंडर कदाचित म्हणेल, ‘सलग जास्त वेळा दिसलं तरच थांबवू.’ अशी सोय असते, उडती धूळ आणि पाण्याचे थेंब गाळायला बरी. पण गाडीचा प्रतिसाद तेवढा उशिरा येतो, म्हणजे क्षेत्र वाढवावं लागतं. ही दुसरी बाजू ते आपणहून सांगत नाहीत.

उताराचं गणित सोपं आहे. स्कॅनर जमिनीपासून १५ सें.मी.वर असेल आणि समोर मीटरला ५ सें.मी. चढ असेल, तर चढ सुरू झाल्यापासून तीन मीटरवर किरण जमिनीलाच धडकतो. गाडीला वाटतं समोर भिंत आहे. मालाने गाडी दोन अंश पुढे झुकली तर सपाट जमीनसुद्धा सव्वाचार मीटरवर ‘अडथळा’ ठरते. फक्त पावसातच होत असेल तर काच आणि तळाशी लोंबणारी ओली रॅपिंगची पन्नी आधी बघा. काच पुसताना कॉटन वेस्ट नको, ती प्लॅस्टिकची असते, ओरखडे पडले की कायमचे.

संध्यापाळी

दोघांचे आभार. नोंदी मागवल्या. उन्हाच्या वेळी ‘वस्तू’ नेहमी शटरच्याच दिशेला दिसते, म्हणजे काकांचा अंदाज बरोबर दिसतोय. उतारापाशी मात्र नोंद काच मळल्याची आहे. तिथे ट्रकच्या ताडपत्रीचं पाणी थेट खाली गळतं.

फोर्कचं काय? आमच्या मॅनेजरांनी नियम काढलाय की फोर्कलिफ्ट लावताना फोर्क जमिनीला टेकवायचे. मग दिसतील ना?

ओएसएसडी

नाही दिसणार, आणि हेच लोकांच्या लक्षात येत नाही. स्कॅनर घोट्याच्या उंचीवर एकच आडवं पातळ प्रतल बघतो, डोळ्यांपुढे धरलेल्या कागदाच्या कडेइतकं. कमरेवरचा फोर्क त्याच्या वर, जमिनीवर टेकवलेला फोर्क पाचेक सें.मी. जाडीचा, म्हणून त्याच्या खाली. दोन्हीकडून सुटतो. टेकवण्याचा नियम माणसांसाठी चांगला आहेच, ठेवा. पण स्टॅकरसाठी फोर्क गल्लीबाहेर, आखलेल्या खणाच्या आत हवेत. शिडी, घोडा, रॅकमधून बाहेर डोकावणारे पाइप, ट्रकचा उघडा फाळका, सगळ्यांची तीच गत.

स्कॅनर बिघडलाय असं यातून निघत नाही. चालकविरहित गाड्यांचं मानक आयएसओ ३६९१-४, त्यात तपासणीसाठी दोन नळकांडी सांगितली आहेत: उभं, ७० मि.मी. व्यासाचं आणि ४०० उंच, म्हणजे पाय. आणि आडवं, २०० व्यासाचं आणि ६०० लांब, म्हणजे पडलेला माणूस. विचार माणसाचा केलाय, लोंबत्या लोखंडाचा नाही.

वरच्या वस्तूंसाठी मास्टवर, म्हणजे फोर्क वर-खाली नेणाऱ्या उभ्या खांबावर, ३डी कॅमेरा लावतात, जो प्रकाशाच्या वेळेवरून खोली मोजतो. व्हेंडरला आधी विचारा की तो नुसता टक्कर टाळायला आहे की सुरक्षेसाठी प्रमाणित. माणूस ओळखायला पातळी डी लागते (सुरक्षायंत्र किती भरवशाचं याची श्रेणी; सी तिच्या खालची) आणि ती स्कॅनरकडे असते. प्रमाणित ३डी कॅमेरा मी पाहिलाय तो सी पातळीचा. म्हणून कॅमेरा जोडीला, स्कॅनरच्या जागी नाही. पारदर्शक पन्नीच्या रोलसाठी अल्ट्रासोनिक (आवाजाच्या लहरींचे) सेन्सरही बरे, पण तुमच्याकडे आधी फोर्कचं बघा.

जुना_मेंटेनन्सवाला

रोजच्या तपासणीसाठी एक युक्ती. ७० चा पाइप हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही, ६३ चा पीव्हीसी मिळतो. ४० सें.मी. कापून मॅट काळा रंग द्या आणि पाळी सुरू होताना क्षेत्राच्या कडेला उभा करा. ६३ दिसला तर ७० दिसणारच. नाही दिसला तर लगेच घाबरू नका, खऱ्या मापाच्या नळकांड्याने तपासा. प्रमाणपत्राचं काम यावर होत नाही, पण स्कॅनर धक्का लागून वाकडा झाला असेल तर याने सकाळीच कळतं.

संध्यापाळी

पाइप कापायला दिला. शटरला पट्ट्यांचा पडदा मंजूर झालाय, हळू चालण्याच्या पट्ट्याबद्दल व्हेंडर ‘बघतो’ म्हणालाय. आता एवढंच सांगा: वेग आणि क्षेत्राचे संच बदलले तर थांबण्याचं अंतर पुन्हा मोजून लेखी द्यायचं काम कुणाचं? व्हेंडर म्हणतो तुमच्या साइटचं.

ओएसएसडी

सेटिंग बदलणाऱ्याने पूर्ण मालासह गाडी पळवून, ब्रेक लावून, टेपने अंतर मोजून द्यायचं. सगळ्यात जड पॅलेट, ओली फरशी आणि उताराकडे तोंड, या तिन्ही स्थितींत. बदलाआधीच्या आणि नंतरच्या सेटिंगच्या फाइलची प्रत मागा. तुम्ही त्या वेळी हजर राहा आणि सही करायचीच असेल तर ‘हजर होते’ एवढ्याखाली करा.

संध्यापाळी

ईमेल आत्ताच पाठवला, या तिन्ही स्थिती मुद्दाम लिहून. उत्तर आलं की इथे टाकते. दरम्यान कुणाकडे मास्टवर ३डी कॅमेरा लावलेला असेल तर धुळीत तो कसा टिकतो, नक्की लिहा.