मदत हवी आहे: सिम्युलेशनमधल्या पुरस्कारासाठी सरांचं नामांकन

जुवारीकाठ: आमच्या विभागातल्या निवृत्त सरांचं नाव सिम्युलेशनच्या (खऱ्या व्यवस्थेची संगणकावर नक्कल) आंतरराष्ट्रीय पुरस्कारासाठी पाठवायचंय. बायोडेटा आणि पानभर मजकूर तयार आहे. शिफारसपत्रं कुणाची घ्यावीत? मुदत जवळ आलीय, लवकर सांगा.

फोंडेकर: कुठला पुरस्कार? इन्फॉर्म्स या ऑपरेशन्स रिसर्चवाल्या संघटनेच्या सिम्युलेशन सोसायटीचा जीवनगौरव, एसीएम या संगणक संघटनेच्या सिगसिम गटाचा, की एखाद्या शोधनिबंधाचा? जीवनगौरवाला सगळी कारकीर्द मांडावी लागते. पत्रं किती ते यंदाच्या सूचनेत बघा, जुनी पीडीएफ धरू नका.

जुवारीकाठ: इन्फॉर्म्सचा जीवनगौरव. सर डिस्क्रीट इव्हेंटवाले, म्हणजे एकेका घटनेनं पुढे सरकणारं सिम्युलेशन.

म्हापसेकर: एच-इंडेक्स, म्हणजे निबंधांना मिळालेल्या संदर्भांवरचा आकडा, किती? तो पहिल्या ओळीत टाका.

रांगशास्त्र: पहिल्या ओळीत अजिबात नको. समितीतली माणसं याच विषयातली, आकडा त्यांना शोधता येतो. निकषांत संशोधनासोबत प्रत्यक्ष वापर, ज्ञानप्रसार, सॉफ्टवेअर आणि व्यवसायाची सेवाही येते. सरांचं नेमकं काम काय?

जुवारीकाठ: मुरगाव बंदराची बार्ज वाहतूक. शिवाय एक पाठ्यपुस्तक आणि सिम्युलेशनच्या कोडची मोफत सॉफ्टवेअर लायब्ररी.

कोडकरी: सिमपाय वापरा, पायथनमध्ये आहे, फुकट आहे.

फोंडेकर: त्यांना मॉडेल बनवायचं नाहीये, नामांकन करायचंय.

रांगशास्त्र: जुवारीकाठ, लायब्ररी आणि पुस्तक ही तर मोठी जमेची बाजू, त्यांना स्वतंत्र परिच्छेद द्या. आणि ‘बंदराचं सिम्युलेशन केलं’ एवढ्यानं काहीच कळत नाही. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी, आग्वादजवळच्या वाळूच्या पट्ट्यामुळे तिथून जाणं धोक्याचं होतं. मग बार्जेस कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत वळतात. हा बदल मॉडेलमध्ये कसा घेतला? भरती-ओहोटीनं रांग कशी लांबली? वॉर्म-अपचा, म्हणजे मॉडेल स्थिरावण्याआधीचा काळ वगळला का, निकाल बंदराच्या नोंदींशी ताडले का? आणि ती पद्धत पुढे कुणी उचलली? सगळ्यात जास्त वजन या शेवटच्या मुद्द्याला.

म्हापसेकर: पत्रं सरांच्या पीएचडी विद्यार्थ्यांची घ्या. तेच जवळून ओळखतात.

रांगशास्त्र: एखादं चालेल. बाकीची अशांची हवीत ज्यांनी सरांसोबत कधी निबंध लिहिला नाही, पण लायब्ररी किंवा पुस्तक वापरलं. शिष्य आणि सहलेखक कौतुक करणारच, समिती ते धरूनच वाचते. प्रत्येकाला वेगळा मुद्दा वाटून द्या: एकाला पद्धत, एकाला सॉफ्टवेअर, एकाला अध्यापन. सगळ्यांना तोच मसुदा पाठवलात तर तीच वाक्यं फिरून येतात आणि पत्रांचं वजन जातं.

दोनापावला: पद्म पुरस्कारासाठीही नाव पाठवा. पोर्टलवर ऑनलाइन भरायचं, वर्णन जास्तीत जास्त 800 शब्दांत.

फोंडेकर: तो वेगळा धागा काढा. जुवारीकाठ, सूचनेत मुदतीपुढे ‘एओई’ लिहिलंय का? म्हणजे ‘एनीव्हेअर ऑन अर्थ’. असेल तर ती यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, 12 तास मागची वेळ. म्हणजे रात्री 11:59 ची मुदत आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 5:29 ला संपते. पण पत्र लिहिणाऱ्यांना चार दिवस आधीची तारीख द्या.

जुवारीकाठ: एओईच आहे. पण लायब्ररी कोण वापरतं ते कसं शोधू? सरांना विचारायचं नाहीये, त्यांना कळू द्यायचं नाही.

रांगशास्त्र: गिटहबवर आहे ना? फोर्क, म्हणजे कोडची स्वतःची प्रत कुणी घेतली, ते बघा, इश्यू, म्हणजे अडचणी किंवा सूचना, लिहिणाऱ्यांची नावं बघा. मग विंटर सिम्युलेशन कॉन्फरन्सच्या निबंधांत लायब्ररीचं नाव शोधा, तिथले निबंध खुले असतात. लायब्ररी प्रत्यक्ष चालवलेला लेखक सापडला की त्यालाच आधी मेल करा.